तुपावांचून

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवी भाषा शिकूं नये आणि नवा स्वैपाक करूं नये, असें माझें फार दिवसांचें मत होतें. दोहोंतहि हात अवघडतो, जीभ वळत नाहीं, आणि ऐकणाऱ्याला किंवा जेवणाऱ्याला हंसूं आवरत नाहीं. परंतु गेल्या आर्द्रा नक्षत्रांतल्या एका बुधवारीं संध्याकाळीं या मताला मला तिलांजलि द्यावी लागली. घरांत मी आणि माझी मुलगी अशीं दोघेंच होतों. आमचें कुटुंब आपल्या मातुःश्रींच्या आजारपणामुळें राजापुरास माहेरीं गेलें होतें. मुलगी पुण्यास नोकरीला असते. चार दिवस येथूनच काम करीन म्हणून ती आली होती, आणि खोलीचें दार लोटून संगणकापुढें बसली होती. नऊ वाजेपर्यंत तिची सुटका नव्हती. मी कॉलेजांतून चिंब भिजून परत आलों, छत्री पडवींत निथळत ठेवली, आणि कोणी न सांगतां स्वैपाकघरांत शिरलों. बेत इटालियन होता: झणझणीत टोमॅटोच्या रसांतला पास्ता. अट एकच होती. त्यांत दूध, दही, लोणी, चीज, अंडें यांपैकीं कांहींहि असतां कामा नये. आणि तूप तर मुळींच नको.

या शेवटच्या अटीनें कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. माझ्याहि पडली होती. आपल्या पंगतींत सारें पान वाढून झालें, वरणभाताची मूद पडली, तरी तिच्यावर तुपाची धार पडेपर्यंत कोणी भाताला हात लावीत नाहीं. तुपाला आपण 'अन्नशुद्धि' म्हणतों. यजमान कंजूष असेल तर तें त्याच्या तुपाच्या धारेवरून ओळखावें, आणि उदार असेल तर तेंहि तिच्यावरूनच. ज्या वस्तूनें अन्न शुद्ध होतें तीच वस्तु नको म्हणणारी मुलगी आपल्या पोटीं यावी, याचा मला प्रथम अचंबा वाटला, आणि मग राग आला.

तीन वर्षांपूर्वीं तिनें पुण्याहून फोन करून सांगितलें कीं, यापुढें ती दुधाचा कोणताहि पदार्थ खाणार नाहीं. या पंथाच्या लोकांना 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडांत १९४४ सालीं, महायुद्ध चालू असतांना, डोनाल्ड वॉटसन आणि त्याचे सोबती यांनीं रूढ केला. 'व्हेजिटेरियन' या शब्दाचें डोकें आणि शेंपूट त्यांनीं ठेवलें आणि मधला भाग काढून टाकला. मी इंग्रजीचा प्राध्यापक; शब्दाची ही काटछाट मला आवडली, जेवणाची मात्र आवडली नाहीं. मीं वाद घातला. म्हटलें, "अग, गांधीजींनींसुद्धां दूध सोडलं होतं, आणि शेवटीं शेळीचं घेतलंच ना?"

"घेतलं," ती म्हणाली. "पण आपण व्रताचे शब्द पाळले आणि व्रताचा आत्मा घालवला, ही खंत त्यांनींच आत्मचरित्रांत लिहून ठेवली आहे. तें पुस्तक मला तुम्हींच दिलं होतं, बाबा."

दक्षिण आफ्रिकेंत टॉलस्टॉय फार्मवर १९१२ सालीं सोडलेलें दूध, पुढें हिंदुस्थानांतल्या मोठ्या दुखण्यांत कस्तूरबांच्या सुचवण्यावरून घेतलेलें शेळीचें दूध, आणि त्याविषयींची ती रुखरुख, सारें तिला पाठ होतें. प्राध्यापकाच्या घरीं वाढलेल्या मुलांचा हा एक दोषच म्हणावयाचा. तीं वाचलेलें लक्षांत ठेवतात.

वादांत हरलेला मनुष्य सहसा स्वस्थ बसत नाहीं. तो कारस्थान करतो. गेल्या वर्षींच्या गणपतींत आमच्याकडे पंधरा-वीस माणसें जेवावयास होतीं. उकडीचे मोदक झाले होते. मोदकाची पारी तांदळाची, सारण नारळ-गुळाचें. वर तूप घेतलें नाहीं म्हणजे झालें. तेव्हां त्या दिवशीं आपल्यालाहि पोटभर जेवतां येणार, या आनंदांत मुलगी होती. मीं मात्र ती पाटावर येण्यापूर्वीं तिच्या आमटीच्या वाटींत एक चमचा कढत तूप घातलें, आणि दिसूं नये इतकें ढवळलें. तिनें आमटी भुरकली, आणि "आज आमटी फार छान झाली आहे" असें म्हणाली. मी याच क्षणाची वाट पाहात होतों. खटला जिंकलेल्या वकिलाच्या थाटांत मीं साऱ्या पंगतीला सांगितलें, "पाहा, तूप खाऊन हिला कांहीं झालं का?" मंडळी खो खो हंसली. तिनें वाटी हळूच पानाबाहेर सरकवली. पंगतींतून मध्येंच उठणें हा पाहुण्यांचा अपमान होतो म्हणून ती उठली नाहीं; पण पुढें एक घासहि तिनें घेतला नाहीं. पानांतले दोन मोदक तसेच राहिले.

रात्रीं निजावयास जातांना ती एवढेंच म्हणाली, "बाबा, तूप पोटांत गेलं त्याचं इतकं नाहीं. पण तुमच्या हातचं जेवतांना आतां विचारून जेवावं लागेल."

ती रागावली असती तर मला बरें वाटलें असतें. रागावलेल्या माणसाची समजूत घालतां येते. पण ती रागावली नव्हती, तिनें फक्त एक नोंद करून ठेवली होती. त्यानंतर जेव्हां जेव्हां ती घरीं आली, तेव्हां तेव्हां आपली आमटी ती निराळ्या पातेलींत स्वतः करून घेई. तें लहानसें पातेलें शेगडीवर दिसलें कीं मी स्वैपाकघरांतून बाहेर पडत असें.

म्हणून त्या बुधवारीं मीं बाजारांतून किलोभर टोमॅटो आणले. रत्नागिरींत वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसांत टोमॅटो येथें पिकत नाहीं. तो कोल्हापुराकडून आंबा घाट उतरून येतो. प्रवासांत फुटूं नये म्हणून तो जाड सालीचा निवडलेला असतो, आणि आंबटपणांत कांहींसा कमी पडतो. मारुती मंदिराजवळच्या एका दुकानांत पास्त्याचें पाकीट मिळालें. तेथेंच चष्मा लावून त्यावरचीं बारीक अक्षरें मीं वाचलीं, कारण कांहीं जातींच्या पास्त्यांत अंडें घालतात. यांत नव्हतें. निवळ डुरम गव्हाचा रवा; आपला बन्सी गहू त्याच जातीचा. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचीं मुद्रितेंहि मीं इतक्या बारकाईनें कधीं तपासलीं नसतील.

घरीं येऊन टोमॅटोंना चिरा पाडल्या, उकळत्या पाण्यांत मिनिटभर बुडवून सालें काढलीं, आणि गर हातानें कुसकरला. हाताला तो लाल रस लागला तेव्हां मला माझ्या आजीची आठवण झाली. ती टोमॅटोला 'वेलवांगें' म्हणे, आणि त्याचा रंग मांसासारखा दिसतो म्हणून त्याला सोंवळ्याच्या स्वैपाकांत घेत नसे. तिला कल्पना नव्हती कीं या बाबतींत ती युरोपांतल्या पंडितांच्या पंक्तीला जाऊन बसली होती. कोलंबसानें १४९२ सालीं समुद्र ओलांडला त्यापूर्वीं इटलींत टोमॅटो नव्हता आणि कोंकणांत मिरची नव्हती. दोघांचेंहि माहेर अमेरिका. मात्तिओली या वैद्यानें १५४४ सालीं टोमॅटोची नोंद केली, परंतु विषारी वनस्पतींच्या कुळांतला म्हणून तिकडेहि पुष्कळ काळ लोक त्याच्याकडे संशयानें पाहात. शेवयांसारख्या पास्त्यावर टोमॅटोचा रस घालण्याची कृति नेपल्सच्या काव्हालकांतीनें छापली ती १८३९ सालीं. म्हणजे ज्या पदार्थाला आपण इटलीचा सनातन धर्म समजतों, तो छापील रूपांत दोनशें वर्षांचाहि नाहीं. आपल्या आमटींतली मिरचीसुद्धां पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली पाहुणी. मिऱ्याचें नांव घेऊन ती घरांत शिरली आणि मालकीण झाली. परंपरा म्हणजे जिच्या आरंभाचा आपल्याला विसर पडला आहे अशी नवलाई, असें मला त्या क्षणीं वाटलें. वर्गांत हें वाक्य मीं मोठ्या ऐटींत म्हटलें असतें. पण मुलीशीं वाद घालतांना मला तें सुचलें नव्हतें.

अशा तिखट रसाला इटालियन भाषेंत 'आर्राबियाता' म्हणतात, म्हणजे 'रागावलेला'. मीं संकेश्वरी मिरच्या घेतल्या, चार. लसणाच्या आठ पाकळ्या ठेचल्या. ऑलिव्हचें तेल घरांत नव्हतें, शेंगदाण्याचें होतें. मिरचीचा तिखटपणा पाण्यांत उतरत नाहीं, तेलांत उतरतो; म्हणून तेल फार तापूं न देतां लसूण आणि मिरची त्यांत सोडावी, आणि लसूण तांबूस होण्यापूर्वींच टोमॅटोचा गर ओतावा, असें मीं वाचलें होतें. वाचलेलें आणि केलेलें यांत जें अंतर असतें तें साऱ्या घराला लागलेल्या ठसक्यानें सिद्ध केलें. बंद दाराआड मुलगीहि खोकली. मीं घाईनें टोमॅटो ओतला, मीठ टाकलें, आणि चव घेतली. आंबटपणा खरोखरच कमी होता. तेव्हां दोन आमसुलें टाकलीं. इटालियन लोक मला क्षमा करोत.

आणि त्याच वेळीं माझा हात आपोआप फडताळांतल्या तुपाच्या बरणीकडे गेला. तीस वर्षांची संवय ती. कशांतहि तिखट जास्त झालें कीं तुपाचा एक चमचा घालून तें निवावें, हें माझ्या हाताला ठाऊक. मला विचारण्याची त्याला गरज वाटत नाहीं. बरणीचें झांकण निघालें. चमचा आंत गेला. घरांत दुसरें कोणी नव्हतें. त्या तांबड्या रसांत एक चमचा तूप कोणाला कळणार होतें? ज्याचा कोणी साक्षी नाहीं असा मोह किती लहानसा असूं शकतो, हें मला त्या वेळीं समजलें. मीं चमचा बाहेर काढला, धुतला, पुसला, आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली.

हा रस मंद आंचेवर अर्धा तास आटूं द्यावयाचा असतो. त्या अर्ध्या तासांत स्वैपाक करणाराला करण्यासारखें कांहीं नसतें. बाहेर पाऊस कोसळत होता. मी पाटावर बसून राहिलों, आणि विचार करूं लागलों कीं, मुलीच्या या सोडण्याचा मला एवढा राग तरी कां यावा? आपल्याकडे पदार्थ सोडणें कांहीं नवें नाहीं. चातुर्मास लागला कीं घरोघर कांदा-लसूण आणि वांगें वर्ज्य होतें. जुनीं माणसें काशीस जाऊन आवडीचें एखादें फळ कायमचें सोडून येत. त्यांना कोणी कारण विचारीत नसे. उलट त्यांच्यासाठीं निराळी भाजी करण्यांत घरच्या सुना धन्यता मानीत. मुलीनें सोडलें तें पंचांगांत नव्हतें, एवढाच काय तो तिचा अपराध.

माझी आई काशीस कधीं गेली नाहीं. पण एक पदार्थ तिनेंहि सोडला होता.

संगमेश्वर तालुक्यांतल्या आमच्या गांवीं गोठ्यांत एक गाय होती. कोंकणची लहान चणीची गाय. ऐन भरांत असली तरी वेळेला शेर-सव्वाशेर दूध देई. त्यांतलें कांहीं रतिबाला जाई, कारण मुंबईहून येणारी वडिलांची मनीऑर्डर महिन्याच्या वीस तारखेपर्यंतच पुरे. उरलें त्यांत आजोबांचा चहा, आणि आम्हां दोघां भावांना एकेक पेला. आई कोरा चहा घेई. "मला नको रे, मला दूध सोसत नाहीं. पोटांत गुरगुरतं," असें ती म्हणे. तें आम्हीं वीस वर्षें खरें मानलें. पुढें मला येथें नोकरी लागली, लग्न झालें, आणि आई आमच्याकडे राहावयास आली. घरांतला हा नियम माझ्या बायकोला माहीत नव्हता. तिनें पहिल्याच रात्रीं सासूबाईंपुढें साखर घातलेल्या ऊन दुधाचा पेला ठेवला. आईनें माझ्याकडे एकवार पाहिलें, आणि तो पेला तिनें शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. मी कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं पोट दुखल्याची तक्रार आली नाहीं. तिसऱ्या दिवशींहि आली नाहीं. नंतरचीं नऊ वर्षें ती रोज रात्रीं दूध घेत असे, आणि तें तिला कधींहि बाधलें नाहीं. त्याविषयीं ती बोलली नाहीं आणि मीं विचारलें नाहीं. आतां विचारावयाचें म्हटलें तरी ती नाहीं.

त्या गोठ्यांतली आणखी एक गोष्ट मला आठवली. धार काढण्यापूर्वीं वासराला क्षणभर गाईला लुचूं देत, म्हणजे तिला पान्हा फुटे. पान्हा फुटला कीं त्याला मागें ओढून खुंट्याला बांधावयाचें. हें ओढण्याचें काम माझ्याकडे होतें. त्याच्या गळ्यांतलें दावें दोन्ही हातांनीं धरून मी उभा राहात असें, आणि वासरूं मान ताणून आईकडे पाहात असे. तें किती ओढ घेई हें माझ्या तळहातांना अजून ठाऊक आहे. नंतर मी घरांत जाऊन माझा पेला पीत असें.

आई दूध नको म्हणाली, मुलगीहि दूध नको म्हणाली. एकीपाशीं गरिबी होती, दुसरीपाशीं शहरांतली बेताची बरी नोकरी आहे. एकीनें खोटें कारण सांगितलें, दुसरीनें खरें. पण दोघींच्या नकाराच्या दुसऱ्या टोकाला एक पिलूंच उभें होतें. पहिल्या वेळीं तें पिलूं मी होतों, म्हणून तो नकार मला दिसला नाहीं. आणि दुसऱ्या वेळीं तें मी नव्हतों, म्हणून मला राग आला. मुलीचें मत सर्वांनीं घ्यावें असें मी म्हणत नाहीं. मीं स्वतःहि तें घेतलेलें नाहीं, आणि सकाळचा चहा मला अजून दुधाचाच लागतो. पण पानांत जें वाढलें त्याच्याइतकाच जें नको म्हटलें त्यालाहि अर्थ असतो, आणि वाढणारानें तो समजून घ्यावा, एवढें मला त्या अर्ध्या तासांत पटलें. आपल्या आग्रहाच्या संस्कृतीचें आपण फार कौतुक करतों. 'नको' या शब्दावर दोन्ही हातांनीं पान झांकावें लागतें ही आपल्या आदरातिथ्याची शोभा आपण समजतों. झांकलेल्या पानाखालीं काय आहे हें मात्र पाहात नाहीं.

रस दाट झाला. दुसऱ्या पातेल्यांत दोन लिटर पाण्याला वीस ग्रॅम मीठ घालून दोनशें ग्रॅम पास्ता शिजवला. गाळतांना त्याचें पाणी वाटीभर राखून ठेवावयाचें असतें, कारण त्यांत गव्हाचें सत्त्व उतरलेलें असतें आणि त्यानें रस पास्त्याला धरून राहातो. पेजेवर वाढलेल्या कोंकणच्या माणसाला हें निराळें शिकवावें लागत नाहीं. शिजल्या अन्नाचें पाणी फेंकणें हें आमच्याकडे पापच. चीजचें काम काजूंवर सोंपवलें. दहा-बारा काजू भिजत घातले होते, ते वाटून रसांत मिसळले. खरें पाहतां आपल्या कोंकणाला तुपावांचून जेवण करणें अवघड नसावें. दुभतें बेताचें आणि माड उदंड, अशा या प्रांतानें नारळाच्या रसावर आपला संसार चालविला. तांदळाचे शिरवळे साच्यांतून पाडून ते गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खावयाचे, हा आमचा सणाचा पदार्थ. शेवयाच त्या, आणि त्यांत दुधाचा थेंब नाहीं. वॉटसनसाहेबांना इकडे कोणी बोलावलें असतें तर त्यांची सोय सहज झाली असती.

नऊ वाजून दहा मिनिटांनीं दार उघडलें. मुलगी डोळे चोळीत स्वैपाकघराच्या दारांत आली. शेगडीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आपल्या त्या लहान पातेल्याकडे पाहिलें. तें फळीवर पालथें होतें. मीं दोन ताटल्यांत वाढलें. ती बसली, चमचा हातांत घेतला, आणि थांबली.

"यांत काय काय आहे, बाबा?"

हा प्रश्न येणार हें मला ठाऊक होतें. तो आपल्याला लागेल अशी माझी समजूत होती, थोडा लागलाहि. पण तो विचारण्याचा हक्क तिला मींच दिला होता. तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याप्रमाणें मीं एकेक जिन्नस सांगितला: टोमॅटो, लसूण, मिरची, शेंगदाण्याचें तेल, मीठ, आमसूल, काजू. पास्त्यांत रवा आणि पाणी, अंडें नाहीं. पाकीट राखून ठेवलें आहे, पाहावयाचें तर पाहा. तिनें पाकीट मागितलें नाहीं. एक घास घेतला. मग दुसरा.

"फार तिखट झालं आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलें होतें, पण ती खात होती.

प्राध्यापकाला पाऊण तास अखंड व्याख्यान देतां येतें; दोन शब्द बोलणें मात्र त्याला जड जातें. तरी मीं म्हटलें, "गणपतींत माझं चुकलं."

ती "हं" म्हणाली. मग थोड्या वेळानें मीं तिला आजीच्या कोऱ्या चहाची हकीकत सांगितली, आणि वासराच्या दाव्याचीहि. ती मध्यें कांहीं बोलली नाहीं. हकीकत संपली तेव्हां तिची ताटली रिकामी झाली होती. ती तिनें माझ्यापुढें केली. या वेळीं तिनें कांहीं विचारलें नाहीं.

मीं वाढलें. तिनें हातानें 'पुरे' म्हणून खूण केली. मीं हात आखडला, आणि आग्रह केला नाहीं.